रॅमची कसोटी : वेग किती, भरवसा किती?



मागच्या अंकातला एसएसडीवरचा लेख वाचून मंडळाच्या गटावर बरेच प्रश्न आले. त्यांतला एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत तिघांनी विचारला. "रॅमच्या डब्यावर ६००० छापलंय, पण विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ४८०० दिसतंय. दुकानदाराने गंडवलं का?" आणखी एका काकूंनी विचारलं, "नातू म्हणतो, रॅम ओव्हरक्लॉक करतो. करू द्यावं का?" दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून आजचा सगळा लेख रॅमवर.

डब्यावरचा आकडा

आधी पहिला प्रश्न. दुकानदाराने गंडवलेलं नाही. मेमरीची मानकं जेडेक ही संस्था ठरवते. डीडीआर५ चं मानक तिने जुलै २०२० मध्ये प्रसिद्ध केलं. नवी स्टिक बोर्डात बसवली की कॉम्प्युटर तिला आधी या मानकातल्या एखाद्या सावध वेगाने चालवतो, आणि डीडीआर५ मध्ये तो बऱ्याचदा ४८०० असतो. डब्यावरचा ६००० हा कंपनीने स्वतः तपासून दिलेला वाढीव वेग असतो. त्याची सगळी मापं स्टिकवरच्या एका छोट्या चिपमध्ये लिहून ठेवलेली असतात. बायोसमध्ये जाऊन ती चालू करावी लागतात. इंटेलवाल्यांच्या बोर्डात त्या सोयीला एक्सएमपी म्हणतात, एएमडीवाल्यांच्या बोर्डात २०२२ पासून एक्स्पो. अनेक घरांत महाग रॅम घेतली जाते आणि हे बटण कुणी दाबतच नाही. तुमचंही तसंच असेल, तर आज संध्याकाळी ते दाबून बघा. पण त्याआधी हा लेख शेवटपर्यंत वाचा, कारण बटण दाबल्यावर एक काम उरतं.

दुसरा आकडा सीएलचा. सीएल३०, सीएल३६ असं काहीतरी डब्यावर असतं. प्रोसेसरने माहिती मागितल्यापासून ती मिळू लागेपर्यंत मेमरीच्या घड्याळाचे किती ठोके जातात, ते हा आकडा सांगतो. ६००० च्या रॅमचं घड्याळ प्रत्यक्षात ३००० मेगाहर्ट्झचं असतं, कारण प्रत्येक ठोक्याला माहिती दोनदा जाते. म्हणजे एक ठोका एक तृतीयांश नॅनोसेकंदाचा आणि सीएल३० म्हणजे १० नॅनोसेकंद. हाच हिशोब ६००० सीएल३६ ला लावला, तर १२ नॅनोसेकंद येतात. ५६०० सीएल२८ ला लावला, तर पुन्हा १० च. मानकातल्या ४८०० सीएल४० ला मात्र जवळपास पावणेसतरा. सोपं सूत्र असं : सीएलला २००० ने गुणा आणि डब्यावरच्या वेगाने भागा. दुकानात उभं राहून मोबाइलवर करण्यासारखं गणित आहे. नुसता मोठा वेग बघून खिसा रिकामा करण्यापेक्षा दोन्ही आकडे एकत्र बघावेत.

गळकी भांडी

आता रॅम आतून कशी चालते, ते थोडक्यात. पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एक अतिसूक्ष्म कपॅसिटर आणि त्याला पहारा देणारा एक ट्रान्झिस्टर. आयबीएममधले रॉबर्ट डेनार्ड यांना ही कल्पना १९६६ मध्ये सुचली, १९६८ मध्ये तिचं पेटंट मिळालं, आणि आजही रॅम त्याच तत्त्वावर चालते. कपॅसिटरमध्ये विद्युतभार असला की १, नसला की ०. पण हे भांडं गळकं असतं. भार सतत झिरपून जातो, म्हणून मेमरीला ठरावीक वेळाने प्रत्येक ओळ वाचून पुन्हा भरावी लागते. याला रिफ्रेश म्हणतात. डीडीआर५ मध्ये नेहमीच्या तापमानाला सगळ्या ओळींची एक फेरी ३२ मिलिसेकंदांत पूर्ण व्हावी, असा नियम आहे. ८५ अंशांच्या वर गेलं तर त्याच्या निम्म्या वेळात, कारण उष्णता वाढली की गळतीही वाढते.

रिफ्रेश चालू असताना मेमरीला दुसरं काम नीट करता येत नाही. त्यामुळे ओव्हरक्लॉक करणाऱ्यांचा डोळा या वेळेवर असतो. दोन रिफ्रेशमधलं अंतर ठरवणारी टीआरईएफआय नावाची एक किंमत बायोसमध्ये असते. मानकाप्रमाणे हे अंतर ३.९ मायक्रोसेकंद, म्हणजे ६००० च्या रॅमला सुमारे ११,७०० ठोके. व्हिडिओंमधले उत्साही लोक तिथे ६५,५३५ टाकायला सांगतात. म्हणजे अंतर साडेपाच पटींहून जास्त, आणि ३२ मिलिसेकंदांची फेरी जाते जवळपास १८० वर. थंड रॅमला हे बहुतेक वेळा झेपतं. मानकात भरपूर सैलपणा ठेवलेला असतो, तो इथे वापरला जातो.

प्रश्न आहे तो आपल्या मे महिन्याचा.

भावोजींचा अल्बम

आमच्या भावोजींचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नांची ऑर्डर आता कमी झाली, तेव्हापासून त्यांनी जुने अल्बम स्कॅन करून द्यायचं काम सुरू केलं. बडोद्यात चार-चार पिढ्यांपासून राहिलेली मराठी घरं आहेत. त्यांच्या माळ्यावर कृष्णधवल फोटोंचे, पानांमध्ये बटरपेपर घातलेले अल्बम पडलेले असतात, त्यामुळे कामाला तोटा नाही. स्कॅनिंग घरीच चालतं. माझा भाचा इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. त्याने मार्चमध्ये या कामासाठी नवा डेस्कटॉप जुळवला : एएमडीचा प्रोसेसर आणि १६-१६ जीबीच्या दोन स्टिकचा ६००० सीएल३० चा किट. दिवसा वडिलांचं स्कॅनिंग, रात्री मुलाचे गेम. एप्रिलच्या शेवटी भाच्याने रॅमचे टाइमिंग आवळले आणि टीआरईएफआय ६५,५३५ वर नेला.

मेच्या मध्यात पुण्याच्या एका गिऱ्हाइकाचा फोन आला. त्यांना पाठवलेल्या दोन झिप फाइल उघडत नव्हत्या, आणि एका फोटोत आजी-आजोबांच्या कमरेखालचा सगळा भाग हिरवट आला होता. भावोजींनी आधी स्कॅनरवर संशय घेतला आणि दुरुस्तीवाल्याला बोलावलं. मग पेनड्राइव्ह बदलला. मग मला फोन केला.

मी विचारलं, "रॅमला कुणी हात लावलाय का?"

भाचा मागून म्हणाला, "मामा, चालशे! रात्री दोन-दोन तास गेम खेळतो, एकदासुद्धा अडकला नाही."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण गेममध्ये भिंतीवरच्या विटेचा एक ठिपका चुकीच्या रंगाचा आला, तर तो कोण बघतो? जेपीईजी फोटोत एक बिट उलटला, तर तिथून पुढच्या भागाचा रंगच घसरू शकतो. झिपमध्ये उलटला, तर तपासणीची बेरीज जुळत नाही आणि फाइल उघडायला नकार देते. ही दोन्ही उदाहरणं त्यातल्या त्यात बरी, कारण निदान कळतं. टिफ फाइलमध्ये एक बिट उलटला, तर लाखो ठिपक्यांतला एक जरासा वेगळा दिसतो आणि कुणाला कधीच पत्ता लागत नाही.

शनिवारी रात्री आम्ही पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट-८६ प्लस लावला. सकाळी बघितलं, तर चार फेऱ्या पूर्ण आणि एकही चूक नाही. भाच्याचा चेहरा फुलला. मी त्याला म्हटलं, हीच परीक्षा दुपारी दोन वाजता घेऊ. भावोजी दुपारी उडणारी धूळ स्कॅनरच्या काचेवर बसू नये म्हणून खोलीचं दार-खिडक्या लावून, कूलर बंद ठेवून काम करतात. आम्हीही तसंच केलं. बाहेर ४३ अंश होते. विंडोजमधून टेस्टमेम५ लावला आणि शेजारी एचडब्ल्यूइन्फोमध्ये रॅमचं तापमान उघडून ठेवलं. डीडीआर५ च्या स्टिकमध्ये स्वतःचा तापमापक असतो. रात्री जिथे ४५ दिसत होतं, तिथे आता ५८ होतं. चाळीस मिनिटांनी पहिली चूक आली, तासाभरात आणखी तीन.

भाच्याने टीआरईएफआय पुन्हा 'ऑटो'वर ठेवला. बाकी सगळं तसंच, खोलीही तशीच. पूर्ण दुपार एकही चूक नाही. हा योगायोग असू शकतो, म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी तीच किंमत परत टाकून पाहिली. चुका परत आल्या. मग काढली ती कायमचीच.

आधीच्या फाइलींचं काय?

रॅम सुधारली, पण तीन आठवड्यांचं काम तिच्यातून गेलं होतं. जेपीईजी आणि झिप सगळ्या उघडून तपासता आल्या. अकरा फाइली खराब निघाल्या. टिफला अशी काही परीक्षा नाही. भावोजींनी फार विचार केला नाही. जे अल्बम अजून घरात होते, ते सगळे पुन्हा स्कॅन केले, त्यात आठवडा गेला. दोन अल्बम परत दिलेले होते, त्या घरी स्वतः फोन करून काय झालं ते सांगितलं. एकांनी अल्बम परत आणून दिला. दुसरे पुण्याचे. ते म्हणाले, "अहो, मूळ अल्बम वाळवीने खाल्ला होता. तुमचे स्कॅन आले म्हणून पावसाळ्याआधी टाकून दिला."

त्या हिरवट फोटोची टिफ सुदैवाने आमच्याकडे होती. तिच्यातून नवा जेपीईजी काढला, तो स्वच्छ आला. त्या टिफमध्ये किंवा त्या अल्बमच्या बाकीच्या टिफांमध्ये एखादा ठिपका चुकला असेलही. आता तो ताडून बघायला मूळ फोटो नाही. भावोजींनी त्या घरून पैसे घेतले नाहीत.

वेगाचा फायदा किती झाला होता, तेही सांगतो. भाच्याच्या गेममध्ये ४८०० वरून ६००० वर गेल्यावर फरक दिसत होता. त्यापुढच्या कसरतीतून मोजून तीन-चार फ्रेम. भावोजींच्या कामात शून्य. स्कॅनरचा दिवा काचेखालून सरकायला जेवढा वेळ घेतो तेवढा घेतोच, रॅम कितीही पळाली तरी.

एका बिटाची किंमत

"एखाद्या बिटाने काय होतंय?" असं वाटत असेल, तर बेल्जियमचं एक उदाहरण सांगण्यासारखं आहे. मे २००३ च्या निवडणुकीत शारबेक इथे एका उमेदवाराला ४,०९६ मतं जास्त पडलेली दिसली. तिची मतं शक्य असलेल्या आकड्यापेक्षा जास्त भरत होती, म्हणून गडबड उघडकीला आली. ४,०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात, म्हणजे बरोबर एका बिटाची किंमत. तपासात प्रोग्राममध्ये चूक सापडली नाही. मेमरीतला एक बिट आपोआप उलटला असावा, असाच निष्कर्ष निघाला.

सर्व्हरमध्ये यासाठीच ईसीसी रॅम वापरतात, जी एका बिटाची चूक ओळखून दुरुस्त करते. गूगलच्या सर्व्हरांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्षभरात ८ टक्क्यांहून जास्त स्टिकमध्ये निदान एक तरी चूक आढळली होती. आपल्या घरच्या डीडीआर५ मध्येही चिपच्या आत एक छोटी ईसीसी असते, पण ती चिपच्या आतल्या चुकांपुरतीच. चिप आणि प्रोसेसर यांच्यामधल्या वाटेत काही बिघडलं, तर ती काही करू शकत नाही, आणि आत काय दुरुस्त केलं तेही आपल्याला सांगत नाही. म्हणून दुकानदार "यात ईसीसी आहेच" म्हणाला, तर मान हलवा, पण परीक्षा चुकवू नका.

परीक्षा कशी घ्यायची

१. आधी महत्त्वाच्या फाइलींचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या. चुकीची रॅम विंडोजसुद्धा बिघडवू शकते.

२. दोनच स्टिक असतील, तर त्या बहुतेक बोर्डांत प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवायच्या असतात. बोर्डाच्या पुस्तिकेत चित्र असतं. शेजारी-शेजारी बसवल्या, तर अर्धा वेग हातचा जाऊ शकतो.

३. एक्स्पो किंवा एक्सएमपी चालू करण्याआधी मानकाच्या वेगावर एक परीक्षा घ्या. इथेच चूक आली, तर स्टिक खराब असण्याची शक्यता सर्वांत जास्त. एकेक स्टिक एकाच स्लॉटमध्ये लावून बघा, म्हणजे दोष स्टिकचा की स्लॉटचा ते कळेल. मग वॉरंटीत द्या. रॅमची वॉरंटी बहुधा लांब मुदतीची असते, बिल जपून ठेवा.

४. मग एक्स्पो चालू करा. पहिल्यांदा पडदा काही मिनिटं काळा राहील. डीडीआर५ चा बोर्ड तेव्हा मेमरीशी जुळवून घेत असतो. घाबरून बटण बंद करू नका, चहा करा.

५. रात्रभर मेमटेस्ट-८६ प्लस, फुकट आहे. त्यानंतर विंडोजमधून टेस्टमेम५ किंवा तत्सम, आणि तेही दिवसाच्या सर्वांत गरम वेळी, रोजचं काम ज्या खोलीत चालतं तिथेच.

६. एक चूक म्हणजे नापास. पस्तीस टक्क्यांना पास करायची ही परीक्षा नव्हे.

७. यापुढे जायचं असेल, तर एका वेळी एकच किंमत बदला, वहीत लिहा, पुन्हा परीक्षा घ्या. रॅमचं तापमान ५० अंशांच्या आसपास राहील असं बघा. काहीशे रुपयांचा पंखा स्टिकवर वारा घालेल असा लावला, तरी बराच फरक पडतो.

८. कॉम्प्युटर सुरूच होईना, तर बोर्डावरचं क्लिअर सीमॉस वापरा. सगळ्या किमती मूळपदावर येतात.

काही जण विचारतात, दिवसा साधा वेग आणि रात्री गेमसाठी वाढवलेला, असे दोन प्रोफाइल ठेवले तर? बोर्डात ती सोय असते. पण डिस्क तीच असेल, तर रात्रीच्या चुका दिवसाच्या फाइलींपर्यंत पोचू शकतात. ज्या यंत्रावर दुसऱ्यांचं काम आहे, तिथे परीक्षेत पास झालेली एकच मांडणी ठेवावी.

चार स्टिक घेण्याआधीही थांबा. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेत दोन स्टिकना अधिकृत वेग ५२००, तर चार स्टिकना ३६०० आहे. पुढे जास्त लागणार असेल, तर आधीच मोठ्या दोन स्टिकचा किट घ्या. आज एक आणि वर्षाने त्याच नावाचा दुसरा किट घेतला, तर आतल्या चिप वेगळ्या कंपनीच्या निघू शकतात, आणि दोघी एकत्र नांदतीलच असं नाही.

हे सगळं आत्ताच सांगायचं कारण म्हणजे भाव. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांपासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी इतकी वाढवली, की घरगुती किटच्या किमती कुठल्या कुठे गेल्या. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशियल हा आपला ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. याच मायक्रॉनचा मेमरी चिपच्या जुळणीचा आणि चाचणीचा प्रकल्प आपल्या गुजरातेत, साणंदला आहे. चिप तिथून पास होऊन बाहेर पडते, ती मानकाच्या वेगाला आणि मानकाच्या तापमानाला. त्यापुढची परीक्षा घरच्या खोलीत आपणच घ्यायची असते.

तर काकू, तुमच्या प्रश्नाचं उत्तर : नातवाला करू द्या. शिकण्यासारखं पुष्कळ आहे त्यात. फक्त त्याला एक वही आणून द्या, आणि दुपारी दोनच्या परीक्षेला तुम्ही शेजारी बसा. माझ्या भाच्याची वही आता निम्मी भरत आली आहे. पहिल्या पानावर त्या अकरा फाइलींची नावं आहेत, त्याने स्वतःच लिहिलेली.

पुढच्या अंकात यूपीएस आणि इन्व्हर्टर : डेस्कटॉपला किती व्हीएचा लागतो आणि बॅटरी दोन वर्षांत का बसते. प्रश्न नेहमीप्रमाणे मंडळाच्या गटावर पाठवा.